रिकामी पाठ

बनारसमधल्या लंका चौकाअलीकडे टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा, थांबली ती थांबलीच. पुढे बारात होती. देवश्रीने मांडीवरची पिशवी सावरली आणि डोळे मिटून घेतले. रेल्वेच्या हिशेब खात्यात दिवसभर आकड्यांकडे बघून आलेल्या बाईला बारातीचं काय कौतुक; देवउठनी एकादशी उलटली की या शहरात रोज संध्याकाळी कोणी ना कोणी वाजतगाजत रस्ता अडवणारच, आणि अडलेल्यांनी ते आपल्याच घरचं कार्य असल्यासारखं सोसायचं. टोटोवाल्याने हँडलवर कोपरं टेकून मोबाइल काढला. ताशा जवळ येत गेला. डोक्यावर दिव्यांची झाडं घेतलेल्या बायका थंडीने आखडून चालत होत्या, त्यांच्यामागे नाचणारे, आणि त्यांच्यामागे घोडा. बुटका, पांढरा, जरीच्या झुलीखाली अर्धा झाकलेला. तिने उगीच बघितलं. डाव्या कानाचं टोक फाटलेलं होतं. फाटक्या कानाचा पांढरा घोडा काय बनारसमध्ये एकच असेल, असं ती मनाशी म्हणते तोवर कपाळावरची मोत्यांची झालर हलली आणि खालचा पिवळा डाग दिसला. भंडाऱ्याचा. दर रविवारी तिने स्वतःच्या हाताने लावलेला, धुऊनही न जाणारा. तो मल्हार होता, तिच्या घरचा. त्याच्या पाठीवर सेहरा बांधलेला एक घामेजलेला नवरदेव बसला होता, त्याच्या पुढ्यात नटवलेलं एक लहान पोर होतं, आणि लगाम धरून चालला होता मोहन, ज्याला तिनेच दिवाळीआधी घरच्या दोन तट्टांची देखभाल करायला ठेवलं होतं.

आधी तिला आनंद झाला. ही गोष्ट तिने पुढे त्याच रात्री स्वतःपासून लपवायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण झाला होता हे खरं. मल्हार मान ताठ करून चालत होता. ताशाच्या प्रत्येक ठोक्याला पाऊल उचलत होता, नाकपुड्या फुलवत होता, आणि फटाका फुटला तरी बिचकत नव्हता. घरी तो दिवसभर एकाच खांबाशी उभा राहून डावीउजवीकडे डोलत असतो, तोच हा प्राणी, यावर विश्वास बसत नव्हता. इतकी वर्षं आपल्याकडे आहे आणि याला असं चालता येतं हे आपल्याला माहीतच नाही, असं तिच्या मनात आलं, आणि त्याच्या पाठोपाठ, पायाखालची पायरी चुकावी तशी, भीती आली. कुशल. पाठीवर माणूस बसलाय. कुशल कुठे आहे या वेळी? तिने पिशवीतून फोन काढला. हैदराबादला रिंग वाजत राहिली. बारात टोटोच्या अगदी लगटून पुढे सरकली, नवरदेवाचा गुडघा तिच्या चेहऱ्याच्या पातळीवरून गेला, आणि ती त्या गुडघ्याकडे बघत फोन कानाला लावून बसून राहिली. खाली उतरून मोहनची गचांडी धरावी हे तिला सुचलंच नाही. सुचलं असतं तरी भर रस्त्यात काय म्हणणार होती ती? भाई, या घोड्यावर बसू नका, माझ्या मुलाचा जीव जाईल?

कुशल तिचा एकुलता एक. दहा वर्षांचा होता तेव्हा ताप त्याच्या मेंदूत गेला होता. त्या वर्षी पूर्वांचलात पुष्कळ मुलांना तसला ताप येत होता आणि त्यातली थोडीच घरी परतत होती. दवाखान्याच्या लांब बोळात देवश्री उभी होती. फिनेलचा वास, भिंतीचा पोपडे आलेला हिरवा रंग, एका नर्सच्या केसांतली फुलपाखराची क्लिप, हे सगळं तिला आजही जसंच्या तसं दिसतं. तिने आयुष्यात कधी नवस बोलला नव्हता. सासर बनारसचं, दूधविनायकच्या गल्लीत पिढ्यान् पिढ्या संस्कृत शिकवणाऱ्या मराठी मंडळींचं. तिथे व्रतवैकल्यं भरपूर, पण नवस म्हणजे जरा अडाणीपणा. माहेर साताऱ्याकडचं, कुलदैवत खंडोबा, पण ती माहेराहून निघताना देव्हाऱ्यातला टाक घेऊन आली होती तो केवळ आईचं मन मोडू नये म्हणून. त्या बोळात मात्र तिला गणपती आठवला नाही, विश्वनाथ आठवला नाही. घोड्यावर बसलेला तो एवढासा चांदीचा टाक आठवला. आणि ती मनात म्हणाली की पोराला उठव, तुझ्या नावाचा घोडा मी दारात बांधीन. पुढे आणखी काही म्हणाली होती का? तो घोडा तुझाच, त्याच्या पाठीवर दुसरं कोणी बसणार नाही, असं म्हणाली होती का? टोटो आता हलली होती, आणि देवश्री नर्सच्या क्लिपचा नेमका रंग आठवू शकत होती, पण ते वाक्य तिला आठवत नव्हतं.

कुशल उठला. मग घोडा आणणं भागच होतं. यज्ञेश, तिचा नवरा, शाळेत संस्कृतचा मास्तर, भांडणतंट्यापासून चार हात लांब राहणारा माणूस. तो मुकाट्याने ददरीच्या जनावरांच्या मेळ्याला गेला आणि एक पांढरं शिंगरू घेऊन आला. दूधविनायकच्या गल्लीत घोडा. गल्ली अशी की समोरून गाय आली तर माणसाने कोणाच्या तरी ओट्यावर चढून उभं राहावं. शेवटी त्यांनी शहराच्या कडेला, सामनेघाटला जागा घेऊन घर बांधलं, आणि नातेवाइकांना आयुष्यभर पुरेल असा विषय मिळाला. घोड्यासाठी सासर हलवणारी सून, असं तिच्या चुलतसासूबाई लग्नामुंजीत तिची ओळख करून द्यायच्या. पुढे जनावरांचे डॉक्टर म्हणाले की घोडं एकटं ठेवलं की झुरतं, म्हणून सोबतीला बत्ताशा आली, तांबूस रंगाची, स्वभावाने खट्याळ. बत्ताशावर नवसाचं ओझं नव्हतं. तिच्यावर पोरं बसत, कुशलही बसत असे. मल्हारवर कोणी बसायचं नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं, जसं देवघरात चप्पल घालून जायचं नाही हे माहीत असतं. चंपाषष्ठीला गावातली मराठी घरं सामनेघाटला लोटत, भंडारा उधळत, यळकोट म्हणत, आणि जो तो मल्हारला गूळ नि हरभरे चारी. एकदा एका डेप्युटी साहेबांचा नातू घोड्यावर बसायचं म्हणून जमिनीवर लोळला, तरी देवश्रीने बसू दिलं नाही. साहेबांच्या बायकोने महिनाभर तोंड फिरवलं. त्या दिवशी देवश्रीला आपण काहीतरी सांभाळतोय असं फार बरं वाटलं होतं.

हे सगळं यज्ञेशच्या कंबरेवर चाललेलं होतं. पहाटे उठून लीद काढायची, नांद धुवायची, खरारा करायचा, चारा आणायचा. या पावसाळ्यात कंबर धरली आणि डॉक्टरांनी वाकायला बंदी केली. देवश्री नऊला घरातून निघणार, सातला परतणार. तेव्हा पार्ट टाईम माणूस बघायचा ठरलं, सकाळी दोन तास आणि दुपारनंतर दोन तास. माणसं आली. एक दूधवाला आला, त्याने मल्हारकडे बघून विचारलं की हा देतो काय. एकाला काम पसंत होतं, पण लिदीला हात लावायचा नव्हता. पूर्वी इक्का हाकणारे एक म्हातारे आले, त्यांनी मल्हारच्या चारही पायांवरून हात फिरवला, पाठ थोपटली आणि खूश होऊन म्हणाले, जोतब कि चढ़ब? गाडीला जुंपायचं नाही की वर बसायचं नाही, दोन्ही नाही, असं यज्ञेशने सांगितलं. "त ई घोड़ा करेला का?" म्हातारे म्हणाले. यज्ञेश म्हणाला की काही करत नाही, भगवान का है. म्हाताऱ्यांनी बराच वेळ मल्हारकडे बघितलं, मग हात जोडले, मल्हारला की यज्ञेशला ते कळलं नाही, आणि निघून गेले. देवश्री तेव्हा हसली होती. आता टोटोत बसून तिला त्या जोडलेल्या हातांत जरा कीव होती असं वाटू लागलं.

मोहन आला तो शेवटी. एका बँड पार्टीत ताशा वाजवायचा. केसांना तेल, गळ्यात मफलर, बोलण्यात गोडवा. "लगन में सांझ को थोड़ा ऊपर-नीचे होगा मैडम, बाकी टाइम सब आपका," म्हणाला. बत्ताशा पहिल्याच दिवशी त्याच्या मफलरचं टोक चघळत उभी राहिली, आणि एवढ्यावर देवश्रीने त्याला ठेवून घेतलं. त्याच आठवड्यात मल्हारचे पाय भरून आले. डॉक्टर आले, पोटाखाली हात घालून म्हणाले, याला खाऊ घालून घालून तुम्ही मारताय. गूळ बंद, आणि रोज लांब चालवा, हा उभ्या उभ्या संपेल. एकदा घोडा बसला की उठवणं कठीण. मोहन लगेच म्हणाला की संध्याकाळी मी नदीच्या कडेने फिरवून आणत जाईन. आणि महिन्याभरात पाय उतरले. पोट आत गेलं. अंगावर चकाकी आली. देवश्रीने चुलतसासूबाईंना फोन करून सांगितलं होतं, की माणूस मिळाला तर असा मिळावा. हे बोलताना तिच्या आवाजात फुशारकी होती. संध्याकाळी मल्हार कुठे चालतो हे विचारायचं तिच्या डोक्यात आलं नाही, यज्ञेश त्या वेळी शिकवण्यांना बाहेर, आणि घोडा बरा होतोय म्हटल्यावर कोण चौकशा करतो.

घरी पोचली तेव्हा बत्ताशा एकटीच खांबाशी होती आणि रस्त्याकडे तोंड करून खिंकाळत होती. देवश्रीने दिवा लावला, कुकर चढवला, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिली. थोड्या वेळाने मोहन मल्हारला घेऊन आला. झूल नाही, झालर नाही. साधा दोर. त्याने त्याला पुसून काढलं, पाय धुतले, पाणी दाखवलं. मल्हारने बत्ताशाच्या मानेवर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले. तो डोलत नव्हता. तिला तिथूनच मोहनला हाक मारायची होती, पण मारली नाही. विचारलं की तो हो म्हणणार. हो म्हणाला की ते झालेलं होणार. तोपर्यंत कदाचित खंडोबालाही नक्की माहीत नसेल, गर्दी होती, झालर होती, त्याने डाग बघितला नसेल. असला विचार आपण करतोय, पन्नाशी उलटलेली, ऑडिटच्या माणसांना घाम फोडणारी बाई, याची तिला लाज वाटली, तरी ती खिडकीपासून हलली नाही. "चलते हैं मैडम, कल सुबह," मोहनने बाहेरूनच सांगितलं, आणि ती रोजच्यासारखी "हां" म्हणाली.

कुशलचा फोन जेवताना आला. "आई, इतने मिस्ड कॉल? क्या हुआ?"

"काही नाही रे. सहज." तिने फोन स्पीकरवर टाकला नाही. "तू बरा आहेस ना?"

"हां, ठीक आहे. थोडा बुखार आहे बस. वायरल चल रहा है इधर, सगळ्या ऑफिसला झालंय."

तिने हातातला घास ताटात ठेवला. कधीपासून, असं तिने विचारलं. परवापासून. डोकं दुखतंय का? थोडं. उजेड सहन होतो का? आई, प्लीज. मेंदूतल्या तापात मान ताठरते, हे ती त्या बोळात शिकली होती. "कुशल, हनुवटी छातीला लागते का बघ. आत्ता बघ, मी थांबते." पलीकडे तो हसला, कण्हला, आणि म्हणाला की लागली, मान वाकते, पॅरासिटामॉल घेतलीय, रूममेट आहे सोबत, बाबांना फोन दे. यज्ञेश त्याच्याशी काढा कसा करायचा ते बोलत राहिला. देवश्री ताटाकडे बघत होती. परवा. परवा मल्हार कोणाच्या दारी गेला होता? परवा सोमवार की रविवार? रविवारी तिने त्याला भंडारा लावला होता, आणि त्या हातानंतर लगेच कोणी त्याच्यावर झालर चढवली असेल का? आपल्याला तारखा जुळवायच्या आहेत हे तिला कळत होतं, आणि त्या जुळू नयेत म्हणून जुळवायच्या आहेत की जुळाव्यात म्हणून, हे कळत नव्हतं. जुळल्या तर निदान कारण तरी हाती येईल. दवाखान्याच्या त्या बोळात तिला कशाहीपेक्षा कारण नसण्याची भीती वाटली होती. डॉक्टरही हात पसरून म्हणाले होते, क्या बताएँ, किसी को भी हो सकता है.

"अहो," ती भांडी आवरताना म्हणाली, "मी तेव्हा नेमकं काय बोलले होते हो? नवस."

यज्ञेशने गरम पाण्याची पिशवी कंबरेमागे सरकवली. "आज कुठून आठवला?"

"असंच. चंपाषष्ठी आलीय ना."

"मला तू एवढंच सांगितलंस की दारात घोडा बांधीन. मी म्हटलं, कबूल, बांधू."

"आणि कोणी बसणार नाही, हे?"

"ते तू नंतर म्हणालीस बहुतेक. शिंगरू आणलं त्या दिवशी. कुशल त्याच्यावर चढायला गेला आणि तू किंचाळलीस, नाही, त्याच्यावर नाही. तेव्हापासून सगळे तसंच धरून चाललेत. का गं?"

"काही नाही."

तिला ते आठवत होतं. अंगण, दोरी, शिंगराच्या पाठीकडे हात टाकलेला, आजाराने काडी झालेला कुशल. आपण किंचाळलो. पण आधी बोललेलं मोडतंय म्हणून किंचाळलो, की पडेल म्हणून? पडेल म्हणून असेल. कुठलीही आई किंचाळली असती. आणि मग त्या किंचाळण्याला तिनेच देवाचा शब्द करून टाकला असेल. तसं असलं तर चौदा वर्षं हा प्राणी खांबाशी उभा राहिला तो खंडोबाच्या नव्हे, तिच्या हुकुमाने. हा विचार सुटकेचा वाटायला हवा होता. तो वाटला नाही. उलट तसं असेल तर कुशलला सांभाळणारं कोणीच नव्हतं, कधीच नव्हतं, तो नुसता वाचला होता. हे तिला मान्य करायचं नव्हतं. नियम खरा असला पाहिजे, त्याच्यामागे कोणीतरी असलं पाहिजे. आणि नियम खरा असला, तर तो आज मोडला होता.

रात्र कशीतरी गेली. सकाळी धुकं होतं, फाटकही दिसत नव्हतं. कुशलचा मेसेज आला होता, बुखार है अभी भी, चिंता मत कर. देवश्री ऑफिसची साडी नेसून, वर शाल घेऊन अंगणात आली तेव्हा मोहन लीद भरत होता.

"मोहन, कल लंका पर मैं थी," ती म्हणाली. "टोटो में."

त्याचे हात थांबले. फावडं त्याने भिंतीला नीट टेकवून ठेवलं, पडू नये म्हणून पुन्हा एकदा सरकवलं, म्हणजे तिच्याकडे बघावं लागू नये. मग बोलू लागला आणि थांबेना. बँडच्या मालकाची घोडी लंगडी झाली, एक दिन का सोचे थे, फिर दूसरा आ गया, आणि याला तर ताशा ऐकला की पंख फुटतात, आप देखी होंगी, याचे पाय बघा, पोट बघा, डॉक्टर साहब बोले थे चलाओ. एकादशीपासून चाललंय. हर बार माथे का टीका छूकर माफी माँगते थे, मैडम, क़सम से.

एकादशीपासून. म्हणजे तापाच्या कितीतरी आधीपासून. तारखा जुळत नव्हत्या, आणि तिला काडीचाही दिलासा मिळाला नाही. देव काही त्याच दिवशी वसुली करायला बसलेला नसतो.

"माफी किसलिए माँगते थे? पता था, किसकी मन्नत है?"

"मन्नत?" मोहन म्हणाला. "हमको तो लगा गुरुजी का शौक है. पूजा-पाठ वाले आदमी हैं, नहीं बैठाते होंगे."

"मेरे बेटे की है. मरता हुआ बचा था. कल से... परसों से बुखार में है."

मोहनने मफलर गळ्यातून काढला आणि हातात धरून उभा राहिला. त्याचा चेहरा एकदम वयस्कर दिसू लागला. मग त्याने पुढे होऊन मल्हारच्या कपाळाला हात लावला आणि तोच हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "जो लगना हो हमको लगे," तो म्हणाला. "ग़लती हमारी है. भइया को कुछ नहीं होगा. हमारे सिर."

आणि देवश्रीला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की ती नांदेच्या काठावर बसली. कोणीतरी हात वर करून पुढे आलं होतं, देवाचं बोट त्याच्याकडे वळलं होतं, कुशलची हैदराबादची खोली आता त्या बोटाच्या टप्प्याबाहेर होती. लागू दे मग त्याला, असं ती मनात म्हणालीही. दिवाळीत मोहन आपल्या मुलीला घेऊन आला होता. रुची. दोन शेंड्यांची, बत्ताशाला शेपटीकडून भ्यायची आणि तोंडाकडून नाही. देवश्रीने तिला करंज्या दिल्या होत्या. हमारे सिर म्हणजे कोणाच्या डोक्यावर? देव बापाकडून घेतो तेव्हा काय घेतो, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? ती त्या बोळात उभी होती. आणि आता दुसऱ्या कोणाला तरी तिथे उभं करून ती नांदेवर बसून सुस्कारा टाकत होती. तिला स्वतःची शिसारी आली.

"हाथ हटाओ डोक्यावरून," ती म्हणाली. भाषा कुठली ते तिच्या लक्षात आलं नाही. मोहनला कळलं.

ती बसल्या जागी विचार करू लागली, आणि तो विचार ऑफिसातल्या विचारासारखा सरळ येत गेला. नियम माझा. बोलले मी, त्या बोळात बोलले असेन नाहीतर या अंगणात, पण मीच. तो कोणा अजाण माणसाच्या हातून मोडला तर मोडणाऱ्याचा शोध सुरू होतो, आणि शोध कुठेही जातो, मोहनकडे, रुचीकडे, कुशलकडे. पण ज्याने नियम केला त्यानेच उघडपणे मोडला तर शोध कसला? मंजुरी माझी म्हटलं की खालच्या माणसाला कोणी हात लावत नाही, वीस वर्षांत तिने हे हजारदा बघितलं होतं. मग मागचं सगळंही तिच्याच सहीखाली येईल. ते सगळे नवरदेव, त्यांच्या पुढ्यातली पोरं, ताशा, झालर, सगळं मीच करवलं. याला खरंच अर्थ आहे का, असं एकदा तिच्या मनात आलं. मान वाकव, हनुवटी लाव, याला तरी काय अर्थ होता? तिला आता काहीतरी करायचं होतं जे कुशल आणि त्या टाकातल्या घोडेस्वाराच्या मध्ये जाऊन उभं राहील.

"कंबल डाल इस पर," ती उठून म्हणाली. "और पकड़ के रख."

"मैडम?"

"मैं बैठूँगी."

मोहन नाही म्हणाला, दोनदा म्हणाला, मग तिच्या तोंडाकडे बघून त्याने घोंगडं आणलं. मल्हार स्थिर उभा राहिला. देवश्री नांदेवर चढली. साडी गुडघ्यापर्यंत आली, एक चप्पल खाली पडली, शाल खांद्यावरून घसरली. आयुष्यात ती कशावर चढली नव्हती, बत्ताशावरसुद्धा नाही. तिने दोन्ही हातांनी आयाळ धरली, पोट त्याच्या पाठीवर टाकलं, आणि मोहनने पाय उचलून पलीकडे टाकला तेव्हा तिला एकदम फार वर आल्यासारखं वाटलं. खाली ऊब होती. घोंगड्यातून, साडीतून ती वर येत होती, श्वासाबरोबर हलणारी. चौदा वर्षं या पाठीवर तिने हळद टाकली होती, हात ठेवला नव्हता. ती रडू लागली. भीती वाटत होती म्हणून, आणि हा प्राणी तिच्याखाली इतका शांत होता म्हणून. खंडेराया, मी बसलेय, ती मोठ्याने म्हणाली. बघून ठेव, माझं नाव देवश्री. आतापर्यंत जे कोणी बसले त्यांना मीच बसवलं. विचारायचं ते मला विचार.

मल्हारने एक पाऊल टाकलं. तिचा तोल गेला, तिने आयाळ आवळली. पुन्हा एक पाऊल. तो फाटकाकडे निघाला होता, धुक्यात, आपण होऊन.

"फाटक खोल दो," ती म्हणाली.

मोहन दोर धरून पुढे झाला. मागे व्हरांड्याचं दार वाजलं. यज्ञेश संध्येचा तांब्या हातात घेऊन बाहेर आला होता. सोवळ्यात, उघडा, कंबरेवर एक हात. अंगणात काय चाललंय हे त्याला धुक्यातून कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तांब्यातलं पाणी त्याच्या पायावर सांडलं.

"देवश्री," तो म्हणाला, "अगं, हे काय? उतर आधी. पडशील."

तिने मागे वळून बघितलं नाही. वळली असती तर खरोखरच पडली असती.

"पडले तर मी पडेन," ती म्हणाली. "कुशल नाही."